फेब्रुवारीची तयारी सप्टेंबरमध्ये: अमेरिकेतील कॅम्पसवर कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना कसा साजरा करावा

अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या वा तेथे नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना कॅम्पसवर दिवाळी किंवा गणेशोत्सव कसा करावा हे सांगावे लागत नाही. सभागृह कधी राखून ठेवायचे, शंभर माणसांचा भात कोणाकडे करायला द्यायचा, हे सारे एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे आपोआप जाते. फेब्रुवारीत येणारा कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना, म्हणजे ज्याला तेथे सर्वजण ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ म्हणतात तो, मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत ग्रंथालयाच्या दाराशी लावलेल्या एका फलकापुरता उरतो. वसतिगृहाच्या समितीवर, विद्यार्थी संघटनेत, एखाद्या विभागात किंवा ग्रंथालयात असलेल्या आणि या महिन्यात खरोखर हातभार लावू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी माझे एकच आग्रहाचे म्हणणे आहे: हा महिना त्या कॅम्पसच्या स्वतःच्या भूतकाळातून उभा राहिला पाहिजे, आणि त्याची सूत्रे तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हाती असली पाहिजेत.

आधी महिन्याचाच इतिहास समजून घ्या

कार्टर जी. वुडसन यांचा जन्म १८७५ मध्ये व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे आई-वडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. तरुणपणी वुडसन वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींत काम करीत असत. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कृष्णवर्णीय खाणकामगार होते. ते अमेरिकेच्या यादवी युद्धात लढून आलेले होते. जोन्स यांना वाचता येत नव्हते, पण त्यांच्या घरी पुस्तके आणि वर्तमानपत्रे असत. काम संपले की खाणकामगार तेथे जमत, आणि वुडसन त्यांना मोठ्याने वाचून दाखवीत. वाचन झाले की ही वयस्क माणसे युद्धाच्या आणि गुलामगिरीच्या आठवणी सांगत, ज्या तोवर कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेल्या नव्हत्या. हा तरुण विसाव्या वर्षी माध्यमिक शाळेत दाखल झाला आणि १९१२ मध्ये हार्वर्डमधून पीएच.डी. मिळवणारा दुसरा कृष्णवर्णीय अमेरिकन ठरला. पहिले होते समाजशास्त्रज्ञ आणि नागरी हक्कांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस.

वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या जीवनाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये ‘निग्रो हिस्टरी वीक’ हा सप्ताह सुरू केला. (‘निग्रो’ हा शब्द आज जुन्या संस्थांच्या आणि कागदपत्रांच्या नावांपुरताच उरला आहे, बोलताना वा फलकावर तो वापरू नये.) फेब्रुवारीची निवड राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंतीमुळे झाली. लिंकन यांची जयंती १२ फेब्रुवारीला असते. डग्लस गुलामगिरीत जन्मले असल्याने त्यांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी १४ फेब्रुवारी हा दिवस स्वतःच निवडला होता.

आठवड्याचा महिना झाला तो एका कॅम्पसवर. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठातील ‘ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स’ या संघटनेने १९६९ मध्ये तशी मागणी केली आणि पुढच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तो पाळलाही. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला राष्ट्रीय पातळीवर मान्यता दिली ती त्यानंतर, १९७६ मध्ये. कार्यालयांकडून परवानगी मिळण्याआधी विद्यार्थ्यांनी हे केले होते, ही गोष्ट पहिल्या बैठकीतच सर्वांना सांगावी.

सप्टेंबर: कोणाकडे जायचे आणि काय विचारायचे

बहुतेक विद्यापीठांत ‘ब्लॅक स्टुडंट युनियन’ किंवा तशाच नावाची संघटना असते. तिच्या पदाधिकाऱ्यांना सत्र सुरू होताच भेटावे. जाताना तयार कार्यक्रमपत्रिका घेऊन जाऊ नये; फेब्रुवारीसाठी त्यांचे काय ठरले आहे आणि त्यात कोणते काम अंगावर घ्यायला माणूस हवा आहे, एवढेच विचारावे. बहुधा उत्तर अगदी साधे मिळते: सभागृहाचे अर्ज भरणे, खुर्च्या मांडणे, खर्चाच्या पावत्या जपणे, भित्तिपत्रके छापून आणणे. ही कामे मनापासून घ्यावीत. दरवर्षी याच महिन्यात त्याच चार-पाच विद्यार्थ्यांकडून भाषणे, मुलाखती, चर्चासत्रे आणि छायाचित्रे यांची अपेक्षा केली जाते. अभ्यास सांभाळून हे करणे किती दमवणारे असते, हे बाहेरून कळत नाही.

कॅम्पसवरचे कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणजे एकच समाज नव्हे, हेही सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. ज्यांचे पूर्वज जॉर्जिया वा मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यांत गुलाम होते, त्यांचा इतिहास वेगळा. जमैका किंवा हैतीहून आलेल्या कुटुंबांचा वेगळा. आणि नायजेरिया, घाना, इथिओपिया, सोमालियाहून थेट शिकायला आलेल्यांचा आणखी वेगळा. अनेक ठिकाणी आफ्रिकन आणि कॅरिबियन विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र संघटना असतात. त्यांनाही बोलवावे, पण सगळ्यांना एकाच ‘आफ्रिकन संध्याकाळी’त कोंबू नये. मराठी, तमिळ आणि पंजाबी यांचे एकच ‘इंडियन’ झाल्यावर आपल्याला जे जाणवते, तेच येथे आठवावे.

वक्ता बोलवायचा असेल तर पत्रही सप्टेंबरमध्येच पाठवावे, कारण या विषयाच्या अभ्यासकांचा फेब्रुवारी आधीच भरलेला असतो. पत्रात मानधनाचा आकडा स्पष्ट लिहावा. ‘आमच्याकडे निधी मर्यादित आहे’ असे म्हणून विद्वानाला फुकट बोलवण्याची रीत या महिन्यात विशेष खटकते. मार्च किंवा ऑक्टोबरमधील तारीख सुचवली तर वक्त्याला सोपे जाते आणि इतिहासही एका महिन्यापुरता राहत नाही.

ऑक्टोबर: अभिलेखागारातल्या पेट्या

माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोलाचे काम आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स यांची चित्रे कोणत्याही शाळेच्या भिंतीवर दिसतात. तुमच्या कॅम्पसवर पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी कोणत्या वर्षी आली आणि तिला वसतिगृहात खोली मिळाली का, हे मात्र तुमच्या कॅम्पसशिवाय दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयात अभिलेखागार, म्हणजे जुनी कागदपत्रे जपणारा विभाग, असते आणि तेथील अभिलेखपालाला अशा शोधात साहाय्य करायला मनापासून आवडते. आधी पत्र लिहून विषय कळवावा, म्हणजे पेट्या काढून ठेवलेल्या मिळतात. वाचनकक्षात पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. राखाडी पुठ्ठ्याच्या पेटीतून एका वेळी एकच फोल्डर बाहेर काढायचा आणि कागदांचा क्रम मोडायचा नाही. सुरुवात विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रापासून करावी. १९६८ ते १९७० या वर्षांचे अंक आधी घ्यावेत, कारण त्या काळात देशभरच्या कॅम्पसवर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्या लेखी मांडल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्को स्टेट येथे नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ इतका दीर्घ संप चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. तुमच्या कॅम्पसवर असा संप झाला नसेल, पण मागण्यांची यादी बहुधा सापडेल: कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमा, शिष्यवृत्त्या वाढवा, अभ्यासक्रम सुरू करा. ती यादी मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक मागणीपुढे आज तिचे काय झाले ते लिहिले, तर याहून प्रभावी प्रदर्शन मला सुचत नाही.

त्यानंतर वार्षिकांक पाहावेत आणि मग प्रशासनाचा पत्रव्यवहार. छायाचित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: संघाच्या खेळाडूंची नावे ओळीने छापलेली असतात, पण मागे उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय स्वयंपाक्याच्या किंवा सफाई कामगाराच्या चित्राखाली नाव नसते. अशा चित्रांच्या प्रती काढून निवृत्त कर्मचाऱ्यांना आणि गावातील जुन्या कृष्णवर्णीय चर्चमधील ज्येष्ठांना दाखवाव्यात. नाव कळले तर ते अभिलेखपालाला लेखी द्यावे.

संस्था १८६५ पूर्वीची, म्हणजे गुलामगिरी संपण्याआधीची असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. आजच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाशी संबंधित जेझुइट धर्मगुरूंनी १८३८ मध्ये २७२ माणसे विकण्याचा व्यवहार केला आणि त्या पैशातून कॉलेजचे कर्ज फेडले गेले. ब्राऊन विद्यापीठाने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध केला. व्हर्जिनिया विद्यापीठात ज्या गुलाम मजुरांनी इमारती उभारल्या आणि वर्षानुवर्षे चालवल्या, त्यांचे दगडी स्मारक २०२० मध्ये पूर्ण झाले. तुमच्या संस्थेत असे संशोधन झाले असेल तर ते वाचून मगच फलक लिहावेत. झालेले नसेल तर इतिहास विभागातील जाणकारांना सोबत घेतल्याशिवाय कोणतेही ठाम विधान करू नये.

कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती याच महिन्यात ध्वनिमुद्रित कराव्यात. ध्वनिमुद्रण कोठे राहील, कोण ऐकेल आणि नको असलेला भाग गाळण्याचा हक्क त्यांना आहे, हे संमतिपत्रात आधीच लिहून द्यावे. सत्तरी-ऐंशीतील या माणसांपैकी काहींना कॅम्पसने दुखावलेले असते. ती मुलाखत आमच्या कार्यक्रमाची शोभा म्हणून वापरली जाणार नाही, ही खात्री त्यांना हवी असते.

नोव्हेंबर: पैसा, जागा, कायदा

विद्यार्थी सरकारकडे वसंत सत्रासाठी निधी मागण्याची मुदत बहुधा शरद सत्रातच संपते, म्हणून अर्ज वेळेत करावा. अंदाजपत्रकात आधी माणसांचे मानधन, मग सांकेतिक भाषेतील दुभाषा आणि पडद्यावरील मथळ्यांचा खर्च, मग जेवण आणि सगळ्यांत शेवटी सजावट, हा क्रम ठेवावा. चित्रपट दाखवायचा असल्यास घरगुती वर्गणीवर तो सभागृहात दाखवता येत नाही. त्यासाठी सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. तो पुष्कळदा ग्रंथालयाने आधीच घेतलेला असतो, तेव्हा प्रथम तेथे चौकशी करावी.

कायद्याकडे आता लक्ष द्यावेच लागते. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील विविधता-विषयक कार्यालये बंद पडली. पण वर्गातील अध्यापन, संशोधन, नोंदणीकृत विद्यार्थी संघटनांचे उपक्रम आणि पाहुणे वक्ते यांना त्यातून वगळलेले आहे. इतर काही राज्यांतही असे कायदे झाले आहेत आणि त्यांचे तपशील वेगवेगळे आहेत. म्हणून सरकारी विद्यापीठात असाल तर यजमान कोण, निधी कोणत्या खात्यातून आणि सभागृह कोणाच्या नावावर, हे लेखी स्पष्ट करून घ्यावे. धास्तीपोटी कार्यक्रमच रद्द करण्याआधी कायद्याचा मजकूर स्वतः वाचावा. जे वगळलेले आहे ते करण्याचा हक्क शाबूत आहे.

कार्यक्रमात काय असावे

विद्यार्थ्यांनीच घडवलेल्या इतिहासाला फेब्रुवारीत आपोआप जागा मिळते. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावी कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजचे पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी, इझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मॅकनील, वुलवर्थच्या दुकानात गेले. आधी त्यांनी टूथपेस्ट आणि अशाच किरकोळ वस्तू विकत घेतल्या; दुकानाने पैसे घेतले. मग ते त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली, तेव्हा त्यांना नकार मिळाला. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले आणि जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला. एका वस्तूचे पैसे घेणारे दुकान दुसऱ्या वस्तूसाठी माणसाला बसू देत नाही, हा अन्याय त्या काही डॉलरांच्या खरेदीत साऱ्यांना दिसला. हा प्रसंग सांगण्यासाठी काउंटरचे नाटक करण्याची गरज नाही. चार खुर्च्या, चार नावे आणि आठवणींचे वाचन पुरेसे आहे.

संगीतासाठी फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्सची कथा अवश्य घ्यावी. कर्जात बुडालेले आपले कॉलेज वाचवण्यासाठी १८७१ मध्ये नऊ तरुण गायक दौऱ्यावर निघाले. त्यांतले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले होते, आणि मळ्यांवरची भक्तिगीते गाऊन त्यांनी इतके पैसे उभे केले की त्यांतून ज्युबिली हॉल ही इमारत बांधली गेली. ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे गीत १९०० मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे ५०० शाळकरी मुलांनी प्रथम गायले. कार्यक्रमाची सुरुवात त्याने होत असेल तर उभे राहावे आणि शब्द आधी वाचून ठेवावेत.

कॅम्पसवर ‘डिव्हाइन नाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय बंधुसंघ-भगिनीसंघांपैकी (फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी) एखाद्याची शाखा असेल, तर पाय आपटून, टाळ्या वाजवून, एका तालात केल्या जाणाऱ्या ‘स्टेपिंग’चे सादरीकरण त्यांच्याकडून मागावे. त्यांतला सर्वांत जुना संघ कॉर्नेल विद्यापीठात १९०६ मध्ये स्थापन झाला. त्यांच्या आरोळ्या आणि हातांच्या खुणा सभासदांच्याच असतात. प्रेक्षकांनी कौतुकानेदेखील त्यांची नक्कल करू नये.

वाचनासाठी १९३६ ते १९३८ मध्ये नोंदवलेली, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांची २३०० हून अधिक निवेदने ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात सर्वांना खुली आहेत. ती नोंदवणारे बहुतांशी गोरे होते आणि त्यांनी बोली आपल्या कानांनी ऐकली तशी लिहिली. म्हणून मोठ्याने वाचताना तो हेल काढू नये, शब्द सरळ वाचावेत. गुलामांच्या लिलावाचा किंवा पलायनाचा अभिनय करून घेणारे ‘अनुभव’ तर कटाक्षाने टाळावेत.

जेवण

सगळ्यांत जास्त चुका येथे होतात. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठाच्या भोजनगृहाने या महिन्याच्या नावाने कलिंगडाच्या स्वादाचे पाणी आणि कूल-एड हे गोड सरबत ठेवले होते, आणि नंतर विद्यापीठाला माफी मागावी लागली. कलिंगड हे कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या जुन्या चित्रांचे ठरलेले साधन होते, हे माहीत नसले की असे घडते. पदार्थ कोणाचा आणि कोठून आला हे सांगता येत नसेल तर तो ठेवू नये; सांगता आले तर जेवणासारखा शिक्षक नाही. भेंडी आणि चवळी ही आपल्या रोजच्या ताटातील दोन्ही पिके मूळ आफ्रिकेची. गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने ती अमेरिकेत पोहोचली. ‘गंबो’ हा लुइझियानातील पदार्थाचा शब्द मध्य आफ्रिकेतील भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आला आहे आणि चवळी-भाताला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात. दक्षिण कॅरोलायनातील भातशेती पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या कसबावर उभी राहिली. गावातील कृष्णवर्णीय मालकाच्या खानावळीला काम द्यावे, आणि पालेभाजीत डुकराचे मांस शिजवलेले असेल तर तसे पाटीवर लिहावे.

आपला दुवा, मापात

मराठी मंडळाने या महिन्यात भाग घ्यावा यासाठी ओढूनताणून कारणे शोधावी लागत नाहीत. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका प्रदर्शनात लावावी, पण तिच्या शेजारी हेही लिहावे की यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले; मुक्ती त्यांनी स्वतःही मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. तो पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील संग्रहात आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. त्या पक्षाचे संस्थापक ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील एकमेकांना भेटले होते एका कॉलेजातच.

एका फलकात हे सारे मावते आणि तेवढेच पुरे. जात आणि वंश एकच आहेत असे सुचवू नये, आणि पाहुणे म्हणून आलेल्यांनी मुख्य व्यासपीठ व्यापू नये. याउलट मराठी मंडळाच्या स्वतःच्या बैठकीत एक अवघड चर्चा जरूर ठेवावी. आपल्या घरांत ‘काळे’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, मुलांना कोणत्या वस्तीत जाऊ नका म्हणून सांगितले जाते, त्याविषयी ती असावी. १९६५ च्या ज्या स्थलांतर कायद्याने भारतीयांना अमेरिकेचे दार उघडले, तो नागरी हक्कांच्या लढ्याने घडवलेल्या वातावरणातच मंजूर झाला. आपली बरीचशी कुटुंबे त्याच दारातून आत गेली आहेत, हे त्या चर्चेत ज्येष्ठांनी बोलावे.

फेब्रुवारी आणि त्यानंतर

प्रत्यक्ष दिवशी मदतनिसांनी तासभर आधी पोहोचावे, ध्वनिक्षेपक तपासावा आणि मुलाखत दिलेल्या ज्येष्ठांसाठी पहिल्या रांगेत नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात. छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. प्रश्नोत्तरांत कोणी एखाद्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला ‘तुमच्या समाजाचे मत काय’ असे विचारले, तर सूत्रसंचालकाने तो प्रश्न वक्त्याकडे वळवावा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सर्व सामग्री एकत्र करावी: भित्तिपत्रके, कार्यक्रमपत्रिका, ध्वनिमुद्रणे आणि संमतिपत्रे, मागण्यांच्या यादीपुढे विद्यार्थ्यांनी लिहिलेले शेरे. प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलने तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. त्यांत खुर्च्या मांडणाऱ्यांचे नाव असावे, स्वयंपाक करणाऱ्यांचेही असावे. मग ब्लॅक स्टुडंट युनियनच्या पदाधिकाऱ्यांसोबत जाऊन, त्यांच्या संघटनेच्या नावाने, ती पेटी अभिलेखागारात जमा करावी.